मिल्कामावशींची खुत्स्पे

“काय खुत्स्पे आहे या बाईला!”

माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई नवऱ्याच्या कानाशी लागून जर्मनमध्ये म्हणाली. सूर कौतुकाचा होता की रागाचा, ते मला कळलं नाही. तो शब्दही कळला नाही.

डार्मश्टाटमधली परदेशी नागरिकांची कचेरी होती ती. मी पीएचडीसाठी येऊन सहा आठवडे झाले होते आणि राहण्याच्या परवान्यासाठी दोन तास बसले होते. भिंतीवरच्या फलकावर माझा नंबर उमटला, मी पिशवी सावरून उठेपर्यंत एक उंच गृहस्थ आत शिरले, आणि नंबर पुढे सरकला. मी परत खाली बसले. तेवढ्यात आईचा फोन आला. “हो, होतच आलंय,” मी हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा समोरच्या रांगेतली एक बुटकी म्हातारी उठली. राखाडी कोट, कानात छोट्या सोन्याच्या कुड्या, हातात काळी जुनी पर्स. तिने पर्सचा खटका दोनदा उघडला आणि मिटला. टक्, टक्. मग ज्या दारावर कोणीच टकटक करत नाही, ते दार तिने सरळ उघडलं आणि आतल्या अधिकाऱ्याला खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, “या मुलीचा नंबर गेलाय. मुलगी गेलेली नाही, ही काय इथे बसलीय.”

त्यावर मागची बाई ते वाक्य बोलली. म्हातारी माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “चल गं, ऊठ. आईला खोटं सांगून परवाना मिळतो का?”

त्या मिल्कामावशी. मिल्का झिराडकर. परवाना त्यांना नको होता, त्या पन्नास वर्षांपासून जर्मनीतच होत्या. दर मंगळवारी सकाळी त्या तिथे येऊन बसायच्या, ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांचे फॉर्म भरून द्यायच्या. कोणत्या संस्थेने पाठवलेलं नव्हतं, कचेरीने तर मुळीच बोलावलं नव्हतं. “पेन्शनरला मंगळवारी दुसरं काय असतं?” एवढंच म्हणायच्या.

तीन महिन्यांनी मी त्यांच्याच इमारतीत राहायला गेले. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. तेही त्यांनी मला न विचारता घरमालकाला “मुलगी मिळालीय, शांत आहे, फार शांत आहे” असं सांगून टाकलं म्हणून.

मी फार शांत आहे हे खरंच आहे. शाळेत मराठी बोललं तर दंड असायचा, आणि इंग्रजी चुकलं तर मुलं हसायची. त्यामुळे न बोलण्याचा मला लवकर सराव झाला. लोक बोलत असतात तेव्हा मी त्यांचे हात बघते. मावशींच्या पर्सचा खटका मला म्हणूनच पहिल्याच दिवशी दिसला. काही धीट बोलायच्या आधी तो दोनदा वाजायचा. नेहमीच.

त्या शब्दाचा अर्थ मी त्यांना विचारला तो त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या बिरड्याचे वाल सोलत होत्या. भिजवून मोड आणलेले वाल, बोटाने दाबले की सालीतून सुटतात.

“सगळ्यांना वाटतं, मी ज्यू म्हणजे तो शब्द मला बाळकडूत मिळाला,” त्या म्हणाल्या. “अगं, यिद्दिश ही इकडच्या ज्यूंची भाषा. आम्ही बेने इस्राएल. कोकणात तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली म्हणायचे आम्हाला. माझी आजी मराठीत भांडायची आणि देवाशी बोलायची तेही मराठीतच. रेवदंड्यात कुठली आलीय खुत्स्पे? आम्हाला ‘आगाऊ’ म्हणायचे आणि पाठीत धपाटा घालायचे.”

शब्द त्यांना मिळाला हॉस्पिटलात. मुंबईहून नर्स म्हणून त्या नव्या आल्या होत्या, जर्मन तोडकंमोडकं. सात नंबरच्या खोलीत एक ज्यू आजोबा होते, युद्धात त्यांच्या घरचं कोणी उरलं नव्हतं. ते जेवत नव्हते. बोलतही नव्हते. एक दिवस मोठे डॉक्टर दहा जणांचा लवाजमा घेऊन राउंडला आले आणि म्हणाले, पेशंट सहकार्य करत नाही. मावशी मागून म्हणाल्या, “डॉक्टर, ती लापशी तुम्ही एकदा खाऊन बघा.”

लवाजमा वळून माझ्याकडे बघू लागला. आणि पलंगावरून हसण्याचा आवाज आला. आजोबा हसत होते. “सिस्टर, तुम्हाला खुत्स्पे आहे!”

“मी घरी जाऊन डिक्शनरीत बघितलं,” मावशी सांगत होत्या. “उद्धटपणा, निर्लज्जपणा, असलं काहीतरी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. मग त्यांनाच विचारलं, आजोबा, मी एवढी वाईट का? ते म्हणाले, बोलताना गुडघे लटपटले का? म्हटलं, गुडघ्यांचं माहीत नाही, पोटात गोळा आला होता. मग म्हणाले, झालं तर. पोटात गोळा येऊनही बोललीस, ती खुत्स्पे. गोळा न येता बोलतात ते नुसते उद्धट. डिक्शनरीवाल्यांना फरक कळत नाही.”

मी मनातल्या मनात मराठी शब्द लावून बघितले. धिटाई थोडी सभ्य वाटली, आगाऊपणा लहान मुलांचा, कोडगेपणा भलताच. भीड मोडणं जवळचं होतं, पण त्यात हसू नव्हतं. मावशींच्या शब्दात भीतीही होती आणि हसूही.

“आणि ते जेवले का?” मी विचारलं.

“मासा मागितला. मी घरून नारळाच्या रसातला करून नेला. परवानगी? कोण विचारतंय!”

शहरातल्या ज्यूंच्या मंडळात, गेमाइंडेत, बहुतेक लोक पूर्वीच्या सोव्हिएत भागातून आलेले. आपापसात रशियन बोलणारे. त्यांच्यात मावशी एकट्याच सावळ्या. दारावरचा पहारेकरी बदलला की दर वेळी त्यांना अडवायचा. एकदा मी त्यांना सोडायला गेले होते. नवा तरुण पहारेकरी म्हणाला, “आपण पाहुण्या का?” टक्, टक्. “मी चाळीस वर्षं येतेय. तू कालपासून. पाहुणा कोण?” तो लाल झाला. दुसऱ्या आठवड्यात मावशींनी त्याच्यासाठी करंज्या नेल्या.

तिथेच त्यांनी मलिदा घातला. बेने इस्राएल लोक नवस फेडायला किंवा शुभकार्याच्या आधी एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने तो करतात. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. मंडळातल्या कोणी हे ऐकलेलं नव्हतं. ग्रीनबर्ग नावाचे वयस्क गृहस्थ तिथली व्यवस्था बघायचे, ओडेसाचे. ते म्हणाले, “फ्राउ झिराडकर, हे आपल्या धर्मात नाही.” मावशी म्हणाल्या, “तुमच्या नाही. माझ्या आहे. एलियाहू हन्नबी आमच्या कोकणात येऊन गेलेत, दगडावर त्यांच्या रथाची खूण आहे. ओडेसाला आले होते का?”

मावशींनी ताट मांडलं. नारळ मी खवला होता. शेवटी ग्रीनबर्गनी पोहे दोनदा घेतले आणि पुढच्या वर्षी आपणहून विचारलं, “केव्हा आहे तुमचं ते?”

माझ्यावर मात्र त्यांचे प्रयोग फसत. माझं कंत्राट संपत आलं तेव्हा प्रोफेसरांनी विचारलं, “आणखी सहा महिन्यांची मुदत हवी का?” मला हवीच होती. मी म्हणाले, “नको, नको, ठीक आहे.” आपल्याकडे कोणी वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग ते आग्रह करतात आणि आपण घेतो. प्रोफेसरांनी “गेनाऊ”, म्हणजे ‘बरोबर’, म्हणून वहीत काहीतरी लिहिलं आणि विषय संपवला.

“अगं वेडे!” मावशींनी कपाळावर हात मारला. “हे जर्मन आहेत. इथे पहिलं नाही तेच शेवटचं नाही. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मी पहिल्या वर्षी उपाशी राहिलेय याच्यापायी.”

मग त्या चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन प्रोफेसर झाल्या. मी टेबलाच्या या बाजूला. “बोला, फ्रॉयलाइन.”

“मला... म्हणजे जर शक्य असेल तर...”

“पुढचा!” त्या ओरडल्या.

चार वेळा झालं. पाचव्यांदा मला हसू आलं आणि त्यांनाही. दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरांच्या दारापर्यंत गेले, परत आले आणि ई-मेल पाठवला. मुदत मिळाली. मी पेढे घेऊन वर गेले. मावशींनी एक पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “छान झालं. पण सानू, ई-मेल लिहिताना पोटात गोळा येत नाही.”

त्यांचा मुलगा रूबेन हॅनोव्हरला इंजिनिअर होता. पंचेचाळिशीचा, सज्जन, दर रविवारी सकाळी दहाला फोन करणारा. फोनवर दोघं जर्मन बोलायचे. फोन ठेवायच्या आधी मावशी एकच शब्द मराठीत बोलायच्या, “सांभाळ.” आणि मग क्षणभर थांबायच्या. तिकडून यायचं, “च्यूस, मामा,” म्हणजे ‘येतो, आई’. त्या फोन ठेवायच्या.

“त्यांना मराठी येत नाही?” मी एकदा विचारलं.

“समजतं सगळं. लहानपणी मी मराठीत बोलायची, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. मग एकदा ट्राममध्ये त्याच्या वर्गातली मुलं चढली. माझ्या कानात म्हणाला, आई, इथे ते बोलू नकोस. आठ वर्षांचा होता. मी बंद केलं. ट्राममध्ये बंद केलं, मग घरीही बंद झालं.” त्या ओट्यावरून फडकं फिरवत राहिल्या. ओटा स्वच्छच होता. “त्याचा दोष नाही गं.”

रूबेन दहा वर्षांचा असताना मावशींचा नवरा सॅम्युएल गेला. तो इथल्याच ज्यू स्मशानात आहे. मावशी मला एकदा तिथे घेऊन गेल्या. त्याच्या दगडावर वर हिब्रू, खाली जर्मन. आसपासच्या काही दगडांवर रशियन होतं. मी फुलं नेली होती. मावशींनी माझ्या हातात एक खडा दिला. तिथे फुलं ठेवत नाहीत, खडा ठेवतात.

“आमच्या रेवदंड्याला माझ्या बापाच्या दगडावर हिब्रूही आहे आणि मराठीही,” त्या म्हणाल्या. “सॅम्युएलच्या वेळी मलाही विचारायचं होतं, मराठी घालता येईल का. सगळे पुरुष उभे होते. पोटात गोळा आला आणि मी गप्प बसले. पस्तीस वर्षं झाली, अजून मुकाच आहे बघ त्याचा दगड. त्यानंतर मी कुठे गप्प बसले नाही.”

पुढच्या मार्चमध्ये त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं, समोर औषधांच्या दुकानातलं कॅलेंडर ठेवलं, एक पान फाडलं आणि म्हणाल्या, “लिही. मराठीत.”

मी पेन हातात धरून बसले. माझं देवनागरी म्हणजे शाळेतली तिसरी भाषा, पुढे फक्त आजीला वाढदिवसाची पत्रं.

“मिल्का. हायम यांची मुलगी. गाव रेवदंडा. बस. ‘प्रेमळ’ वगैरे नको.”

मी लिहिलं. त्यांनी पान लांब धरून बघितलं. “अक्षर तिसरीतलं आहे. चालेल. दगडावर नीट करतील.”

तेव्हा मला कळलं की हे कशासाठी आहे.

“मावशी, हे रूबेनना सांगा ना.”

त्यांनी पर्स मांडीवर ओढली. खटका उघडला. मिटवला नाही. “सगळ्या जगाशी बोलता येतं गं. त्याच्याशी नाही. तो नाही म्हणाला तर ते मला ऐकायचं नाही. मी गेल्यावर म्हणू दे, हो किंवा नाही. पण विचारायला कोणीतरी हवं. तू विचार.”

“पण मी कोण? मी तुमच्यातली नाही, घरची नाही...”

“म्हणून तर.” मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “कधीतरी कोणी मराठी माणूस चुकून त्या वाटेने जाईल. त्याला वाचता येईल, म्हणजे झालं. थांबेल जरा.”

मी हो म्हणाले. कागद घडी करून माझ्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

सप्टेंबरमध्ये त्यांना हॉस्पिटलात न्यायला दोन माणसं आली. जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवत होती. मी दार उघडून उभी होते. मावशी माझ्या मजल्यावर येताच म्हणाल्या, “हाल्ट!” आणि ती दोन धिप्पाड माणसं थांबली. त्यांच्या मांडीवर पर्स होती. हात इतके बारीक झाले होते की खटका दाबायला दोन्ही अंगठे लागले. एकदाच वाजला.

“सानू,” त्या म्हणाल्या, “पोटात गोळा आलाय गं.”

मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि त्या माणसांना म्हणाल्या, “चला, सद्गृहस्थहो, मला दिवसभर वेळ नाही.” वळणावर त्यांचा रुमाल बांधलेला माथा दिसला, मग नुसते कठड्याच्या गजांमधून खाली जाणारे पाय. एका पायात मोजा होता, दुसऱ्यातला घसरला होता. तो वर करायला मला तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. मी उतरले नाही.

नऊ दिवसांनी त्या गेल्या.

दफनानंतर सगळे त्यांच्या घरी जमले होते. रूबेन दमलेला, शर्टाच्या कॉलरला परंपरेप्रमाणे फाडलेली खूण. तो माझ्यापाशी आला. “तुम्ही मामाजवळ होतात. तिची एखादी वस्तू ठेवायला आवडेल?”

“नको, नको,” मी म्हणाले.

“तिने काही सांगितलं होतं? तिला काही हवं होतं का?”

ग्रीनबर्ग शेजारी उभे होते. मंडळातल्या बायका कप मांडत होत्या. सगळीकडे जर्मन आणि रशियन. मी म्हणाले, “नाही, नाही.” मला वाटलं, हा पुन्हा विचारेल. जरा गर्दी कमी झाली की बाजूला घेऊन विचारेल, मग सांगू. त्याने मान हलवली, “आभारी आहे,” म्हणाला आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला.

दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात इमारतीच्या खाली नेऊन टाकायचं सामान ठेवलं होतं, त्यात ती काळी पर्स होती. मी कामावर निघाले होते. संध्याकाळी आले तेव्हा सामान गेलं होतं.

त्या वर्षात मी रूबेनला पाच ई-मेल लिहिले. एकही पाठवला नाही. दर वेळी मावशींचं ते ई-मेलवरचं वाक्य आडवं यायचं. मंगळवारी मी कधीकधी त्या कचेरीवरून जायचे. काचेतून खुर्च्या दिसायच्या. त्यांच्या खुर्चीवर कोणी ना कोणी बसलेलं असायचं, मांडीवर न भरलेला फॉर्म घेऊन.

दगड वर्षाच्या सुमाराला उभा करतात. जुलैमध्ये रूबेनचाच मेल आला. शुक्रवारी दगडाचा मजकूर नक्की करायला तो स्मशानाजवळच्या पाथरवटाकडे येणार होता. मामाच्या वहीत माझं नाव होतं, येणार का, नंतर कॉफी घेऊ. मी पाठ करून गेले. जर्मनमध्ये सहा वाक्यं, नम्र, क्रियापदं जागच्या जागी. ट्राममध्ये ती पुन्हापुन्हा म्हटली.

पाथरवटाच्या अंगणात दगडाची पांढरी धूळ होती. लाकडी टेबलावर आराखडा पसरलेला. वर हिब्रू, खाली जर्मन. सॅम्युएलच्या दगडासारखाच. ग्रीनबर्गनी चष्मा लावून हिब्रू वाचलं आणि बरोबर आहे म्हणाले. रूबेन बराच वेळ आईच्या नावाकडे बघत होता. मग त्याने सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडेही.

“ठीक आहे ना? काही राहिलं नाही?”

पाथरवटाने पेन्सिल उचलली. ग्रीनबर्ग टोपी घालू लागले. एक, दोन, तीन सेकंद. माझ्या पोटात गोळा आला, असा की बसावंसं वाटलं. सहाही वाक्यं गेली. मी पाकीट उघडलं आणि ते कॅलेंडरचं पान मी आराखड्यावर, बरोबर जर्मनच्या खाली ठेवलं. माझं तिसरीतलं अक्षर. रूबेनला मी आजवर ‘हेर झिराडकर’, म्हणजे ‘श्रीयुत झिराडकर’, म्हणत आले होते.

“रूबेनदादा,” मी मराठीत म्हणाले, इतक्या मोठ्याने की पाथरवटाची पेन्सिल थांबली, “त्या दिवशी मी नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. मावशींनी सांगून ठेवलंय. दगडावर मराठी पाहिजे.”